माहितीतलं पॅकेज

'तुमच्या माहितीतला कुणी चांगला प्लंबर आहे का?' हा प्रश्न विचारणाऱ्याला प्लंबरविषयी काहीच ठाऊक नसतं, आणि खरं म्हणजे फार जाणून घ्यायचंही नसतं. त्याला मधला माणूस हवा असतो. प्लंबरला शेजारी ओळखतो, शेजाऱ्याला मी ओळखतो, आणि एवढ्यावर मी एका अनोळखी माणसाला घरात घेतो. 'माहितीतला' या शब्दाचा अर्थ 'मला माहीत असलेला' असा नाहीच. 'कुणाच्या तरी माहितीत असलेला' असा आहे. त्यात एक छुपी सोयही असते. कामाचा विचका झालाच, तर नाव सुचवणाऱ्याला गाठता येतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडी लाज दिसते. प्लंबर निवडताना आपण त्याच्या कौशल्याइतकाच या लाजेचाही आधार घेत असतो, असं मला वाटतं.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, त्यामुळे प्लंबरपेक्षा पॅकेज शोधण्याचे प्रसंग जास्त. ज्यांनी लिनक्स वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विंडोजवर एखादा प्रोग्राम हवा असेल तर आपण गूगल करतो, एखाद्या संकेतस्थळावर जातो, 'डाउनलोड' असं लिहिलेल्या चार हिरव्या बटणांपैकी खरं कोणतं ते ओळखतो आणि नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटतो. डेबियन किंवा उबुंटूसारख्या प्रणालीत हा प्रकार नाही. तिथे एक मध्यवर्ती कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. टर्मिनल उघडायचं, 'ॲप्ट सर्च' टाइप करायचं आणि पुढे हवा तो शब्द. समजा, रोमन अक्षरांत 'देवनागरी' टाइप केलं, तर फॉन्टांची यादी समोर येते. मराठी वळणाचे ल आणि श दाखवणारा लोहितचा फॉन्टही त्यात सापडतो. 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हटलं की काही सेकंदांत काम झालं. पैसे नाहीत, नोंदणी नाही, हिरवी बटणं नाहीत. फ्रीबीएसडीवर 'पोर्ट्स', नेटबीएसडीवर 'पीकेजीसोर्स', मॅकवर 'होमब्रू'. नावं निराळी, तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच.

डेबियनच्या २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. एवढ्यातून आपल्याला हवं ते कसं निवडायचं? शोध पॅकेजचं नाव आणि त्याचं वर्णन या दोन गोष्टींत होतो. आता ही वर्णनं वाचली की मला लग्नाच्या बायोडेटांची आठवण येते. तिथे प्रत्येक मुलगा निर्व्यसनी आणि प्रत्येक मुलगी मनमिळाऊ असते. इथे प्रत्येक प्रोग्राम हलका, वेगवान आणि वापरायला सोपा असतो. आपल्या आजी-आजोबांची पिढी बायोडेटा नुसता बाजूला ठेवायची आणि 'चौकशी' करायची. त्या गावात कुणाचं कोण आहे, मुलाच्या ऑफिसात कुणी ओळखीचं निघतंय का. शोध आणि चौकशी यांतला फरक तेव्हा सगळ्यांना कळत होता. शोध वस्तूचा होतो, चौकशी माणसाची.

डेबियनमध्ये चौकशीची थोडी सोय आहे. 'ॲप्ट शो' म्हटलं की पॅकेजची देखभाल कोण करतं ते नाव दिसतं. 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाची एक गंमतशीर व्यवस्थाही आहे: ज्यांनी स्वखुशीने परवानगी दिली आहे त्यांच्या संगणकांवरून कोणतं पॅकेज किती ठिकाणी आहे याची गणती होते. या गणतीत दोन वेगळे आकडे असतात, एक 'इन्स्टॉल केलेलं' आणि दुसरा 'नेमाने वापरात असलेलं'. हा भेद ज्याने ठेवला त्याला माणसाच्या स्वभावाची जाण असावी. (घरातल्या ट्रेडमिलचीही अशी गणती झाली पाहिजे.) तरीही लोकप्रियता म्हणजे चौकशी नव्हे. हजार लोकांनी एकमेकांकडे बघून एखादी गोष्ट घेतली असेल, तर ते हजार लोकांचं मत होत नाही. एकाच मताचे ते हजार पडसाद असतात.

डेबियनची मूळ रचना मात्र 'माहितीतला' या कल्पनेवरच उभी आहे. इयन मर्डॉकने १९९३ साली हा प्रकल्प सुरू केला. सॉफ्टवेअर लिहिणारा आणि ते वापरणारा यांच्यामध्ये इथे एक तिसरा माणूस असतो, देखभाल करणारा, मेंटेनर. मूळ लेखकाचं काम घेऊन, तपासून, डेबियनच्या चौकटीत बसवून तो कोठारात ठेवतो. हा तिसरा माणूस कुणीही सोम्यागोम्या नसतो. डेबियनचा अधिकृत विकासक व्हायचं असेल तर तुमच्या डिजिटल किल्लीवर आधीच्या विकासकांची सही लागते, आणि ही सही करण्याआधी प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र बघण्याचा रिवाज आहे. या मंडळींचं वार्षिक संमेलन असतं; २०२३ साली ते आपल्याकडे कोचीत भरलं होतं. जगाच्या चार कोपऱ्यांतून आलेले लोक अशा ठिकाणी एकमेकांचे पासपोर्ट निरखतात. एवढ्या आधुनिक यंत्रणेच्या तळाशी ही इतकी जुनी कृती आहे: समोरासमोर बसून 'तू कोण?' असं विचारणं.

इथवर सगळं छान. अडचण पुढे येते. मधला माणूस मूळ लेखकाला कितपत ओळखतो? आणि मूळ लेखक ज्यांच्या कामावर उभा आहे त्यांना तो किती ओळखतो? युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारतानाच्या, १९८४ साली छापलेल्या व्याख्यानात ही साखळी शेवटपर्यंत नेऊन दाखवली. त्यांनी असा कंपायलर रचून दाखवला, की जो लॉगिनच्या प्रोग्राममध्ये गुपचूप चोरदार घालतो. आणि ज्याच्याकडून नवा कंपायलर बनवला तर त्यातही तीच खोड उतरते. मूळ कोड कितीही बारकाईने वाचा, तो स्वच्छच असतो. जे पूर्णपणे तुम्ही स्वतः लिहिलेलं नाही त्यावर तपासणीच्या जोरावर विश्वास ठेवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि पूर्णपणे स्वतः लिहिणं कुणालाच शक्य नाही. म्हणजे 'आधी तपासू, मग विश्वास ठेवू' ही भूमिका ऐकायला करारी वाटते, पण ती कुठेही टिकत नाही. कुठल्या तरी पायरीवर आपण तपासणं थांबवतो आणि पाऊल टाकतो.

प्रश्न असा की त्या पायरीवर आपण जे करतो त्याला विश्वास म्हणायचं का?

ॲनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली विश्वासावर एक निबंध लिहिला. त्यात विश्वास ठेवणं आणि नुसतं विसंबून राहणं यांत त्यांनी भेद केला. कान्टचा फेरफटका इतका ठरलेल्या वेळी असे की शेजारी त्यावरून आपला दिवस आखत. एखाद्या दिवशी कान्ट झोपून राहिला असता तर शेजाऱ्यांची गैरसोय झाली असती, पण त्याने आपल्याला दगा दिला असं ते म्हणू शकले नसते. ते त्याच्यावर विसंबून होते. त्यांच्यात विश्वासाचं नातं नव्हतं. दगा तिथेच होऊ शकतो जिथे समोरच्याच्या सदिच्छेवर आपण काहीतरी सोपवलेलं असतं. हा भेद हातात धरूनच मला दोन घटनांकडे बघायचं आहे.

पहिली २००८ सालची. त्याच्या दोन वर्षं आधी, २००६ मध्ये, डेबियनमधल्या ओपनएसएसएलच्या पॅकेजमधून देखभाल करणाऱ्याने कोडचा एक छोटा भाग काढून टाकला होता. व्हॅलग्रिंडसारखी तपासणीची साधनं त्या जागी इशारा देत होती, तो इशारा जावा हा साधा हेतू. परिणाम असा झाला की गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ नाहीसा झाला. ज्या किल्ल्यांच्या शक्यता मोजता येऊ नयेत, त्या एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीसाठी जेमतेम ३२,७६८ उरल्या. हे दोन वर्षं चाललं. १३ मे २००८ रोजी डेबियनने स्वतःच ते जाहीर केलं, कमकुवत किल्ल्यांच्या याद्या दिल्या, आणि जगभरच्या लोकांना किल्ल्या बदलायला लावल्या. १९९७ पासून डेबियनचा एक 'सामाजिक करार' आहे, त्यात आपल्यातले दोष लपवणार नाही असं वचन आहे. ते वचन इथे पाळलं गेलं. सुरुवातीला मी ज्या लाजेबद्दल बोललो ती हीच. नुकसान मोठं झालं, नाचक्की झाली, चेष्टाही भरपूर झाली, पण नाव सुचवणारा शेजारी दार लावून आत बसला नाही. याला कुणी दगा म्हटलं नाही, आणि बरोबरच केलं.

दुसरी घटना २०२४ सालची. तिच्यावर बरंच लिहून झालं आहे, पण बहुतेक लिखाण हेरकथेच्या अंगाने जातं आणि मला खटकणारी गोष्ट बाजूला राहते.

एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं एक साधन आहे. ते कुणी शोधून इन्स्टॉल करतं असं फारसं होत नाही. ते आधीपासून तिथे असतंच. ते इतक्या गोष्टींच्या तळाशी आहे की डेबियनसारख्या प्रणालींमध्ये दूरस्थ लॉगिनचा एसएसएच सर्व्हरदेखील एका लांबच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचायचा. खुद्द एसएसएचला त्याची गरज नाही. पण सिस्टमडीशी बोलता यावं म्हणून वितरकांनी त्यात एक ग्रंथालय जोडलं होतं, आणि त्या ग्रंथालयाला एक्सझेड लागायचं. तर या एक्सझेडची देखभाल वर्षानुवर्षं एकच माणूस, फावल्या वेळात, बिनपगारी करत होता.

२०२१ च्या सुमारास जिया टॅन असं नाव लावणारी व्यक्ती मदत करू लागली. हे नाव खरं की खोटं, एका माणसाचं की गटाचं, हे उघड झालेलं नाही. २०२२ च्या मध्यावर आणखी काही नावं उगवली. नव्या आवृत्तीला इतका वेळ का लागतो, प्रकल्प तुम्हाला झेपत नसेल तर दुसऱ्या कुणाकडे का देत नाही, अशी टोचणी त्यांनी लावली. त्या एकट्या माणसाने उत्तर दिलं: आस्था कमी झालेली नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आणि इतर गोष्टींमुळे वेळ देता येत नाही, आणि हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे हेही ध्यानात ठेवावं. पुढे हळूहळू जिया टॅनकडे अधिकार आले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांमध्ये चोरदार बसवलेलं होतं. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ते पूर्ण सापडलंच नसतं: निम्मं चाचणीच्या फायलींमध्ये दडवलेलं, आणि त्याला जागं करणारी कळ फक्त प्रकाशित गठ्ठ्यात.

ते सापडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. तो पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो. डेबियनच्या अस्थिर शाखेवर कसलीशी वेगाची मोजमापं घेताना त्याला दिसलं की एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त खातंय. त्याआधी व्हॅलग्रिंडच्या काही तक्रारीही त्याच्या नजरेला आल्या होत्या. (२००६ मध्ये हेच साधन गप्प करण्याच्या नादात घात झाला होता.) तो माग काढत गेला आणि २९ मार्चला त्याने सारं जाहीर केलं. तोवर ही आवृत्ती डेबियनच्या आणि फेडोराच्या चाचणी-शाखांपर्यंत पोचली होती. जगातले बहुसंख्य सर्व्हर ज्या स्थिर शाखांवर चालतात तिथवर पोचली नव्हती.

आता बायरबाईंचा भेद लावून बघू. दगा कुणाला झाला? 'आपल्या सगळ्यांना' हे सोपं उत्तर आहे, आणि मला ते चुकीचं वाटतं. माझ्या संगणकावर एक्सझेड होतं. ते कोण सांभाळतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि जाणून घेण्याचा प्रश्न कधी मनात आला नव्हता. कान्टच्या शेजाऱ्यांना निदान कान्टचं नाव माहीत होतं. आपण विसंबून होतो, एवढंच. विश्वास टाकला होता तो एकाच माणसाने, त्या थकलेल्या देखभालकर्त्याने. त्याने आपल्या कामाची किल्ली एका मदतनिसाच्या हाती सदिच्छेवर दिली. दगा त्याला झाला. आपल्याला झाली ती फार तर मोठी गैरसोय होता होता टळली.

मला यात सर्वात अस्वस्थ करणारा भाग चोरदाराचा नाही, त्या टोचणीचा आहे. टोचणी लावणारी ती नावं बहुधा बनावट होती, त्याच कटाचा भाग होती, असं आता मानलं जातं. पण त्या वेळी कुणालाही ती बनावट वाटली नाहीत. का वाटावीत? फुकट वापरायचं आणि वर 'किती दिवस झाले, अजून काही हालचाल नाही?' असं विचारायचं, हा खऱ्या वापरकर्त्यांचा रोजचा सूर आहे. कुठल्याही लोकप्रिय मुक्त प्रकल्पाच्या तक्रारींच्या पानावर जा, दहा मिनिटांत असे पाच नमुने सापडतील. हल्लेखोराला वेषांतर करायचं होतं, आणि त्यासाठी त्याने आपला वेष निवडला. तो अंगावर चपखल बसला. चोर पोस्टमनच्या वेषात आला तर दोष पोस्टमनचा नसतो, हे खरं. पण पोस्टमन दार लाथेने उघडत आले असते, तरच लाथ मारणारा चोर पोस्टमन वाटू शकतो.

या घटनेनंतर माझ्या वर्तुळात दोन प्रकारचे लोक भेटले. एक म्हणाले, बघा, फुकटाचं हे असंच. एखाद्या कंपनीकडून विकत घ्या, म्हणजे जबाबदार कुणीतरी असतं. यावर माझं म्हणणं थोडकं आहे: विकत घेतलेल्या बंद डब्यात अर्धा सेकंद जास्त गेला असता तर फ्रॉइंडला तो डबा उघडता आला नसता. दुसरे म्हणाले, यापुढे मुक्त सॉफ्टवेअरला हात लावणाऱ्या प्रत्येकाची खरी ओळख पटवून घ्या. हा मुद्दा वजनदार आहे, कारण डेबियन आपल्या विकासकांबाबत तेच करतं असं मीच वर सांगितलं. पण तीन वर्षं धीराने वाट बघू शकणाऱ्याला एक पासपोर्ट मिळवणं कितीसं अवघड? आणि या जगात शेकडो माणसं टोपणनावाने उत्तम काम करतात. कुणाला नोकरी जाण्याची भीती असते, कुणाला आपल्या देशातल्या सरकारची. त्या सगळ्यांना दाराबाहेर काढून आपण फक्त आळशी हल्लेखोर वगळू.

'हा कोण आहे?' या प्रश्नाने एक्सझेड वाचलं नसतं. 'हा एकटा आहे का?' या प्रश्नाने कदाचित वाचलं असतं. मला वाटतं, पॅकेज शोधताना आपल्या चौकशीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. शोध सांगतो की वस्तू काय करते. जरा खोदलं तर ती कुणी केली हे कळतं. तो माणूस किती दमलाय आणि त्याच्या मागे कुणी आहे का, हे कोणत्याच रकान्यात नसतं.

उलट, जे रकाने असतात ते चुकीच्या दिशेला ढकलतात. आमच्याकडे, आणि मित्रांकडून ऐकतो त्यावरून बऱ्याच ठिकाणी, नवं ग्रंथालय वापरण्याआधी एक तक्ता भरावा लागतो. त्यात एक प्रश्न हमखास असतो: शेवटची आवृत्ती कधी निघाली? वर्ष उलटून गेलं असेल तर लाल खूण. आता, काही सॉफ्टवेअर पूर्ण झालेलं असतं. तारखांमधला फरक मोजणाऱ्या दोनशे ओळींच्या ग्रंथालयाने दर तीन महिन्यांनी नवं काय आणावं? खलबत्त्याची नवी आवृत्ती आली नाही म्हणून कुणी तो टाकून देत नाही. पण तक्त्याला शांतता आणि मरण यांतला फरक कळत नाही. मग मेंटेनरवर दडपण येतं की हालचाल दिसली पाहिजे, काहीतरी प्रकाशित झालं पाहिजे. २०२२ मध्ये त्या बनावट नावांनी जे मागितलं तेच हा तक्ता रोज सभ्य भाषेत मागत असतो. मी एका बैठकीत हे बोललो तेव्हा उत्तर मिळालं की तक्ता वरून आला आहे. लाल खुणेपुढे 'काम पूर्ण झालेलं आहे' असं एक वाक्य लिहायची मुभा मिळाली, ती मी वापरतो.

यातून माझ्यावर काही कर्तव्य येतं का? प्रत्येक पॅकेजचा कोड वाचणं हे कर्तव्य असू शकत नाही, कारण जे अशक्य आहे ते कुणाचंच कर्तव्य नसतं. प्रत्येक मेंटेनरला पैसे पाठवणंही नाही. एका साध्या लॅपटॉपवर हजार-दोन हजार पॅकेजेस सहज असतात. पण विसंबून राहण्याचंही एक ऋण असतं असं मला वाटतं, जरी ते विश्वासाच्या ऋणाइतकं जड नसलं तरी. आपल्याकडे गावातल्या विहिरीचा गाळ काढायला दरवर्षी काही घरांतून माणसं जायची. कुणी कुणाच्या घागरी मोजत नव्हतं, पण पाणी भरणाऱ्याला विहीर कुठे आहे आणि तिची अवस्था काय आहे हे ठाऊक असायचं. निदान एवढी माहिती असणं, ही मला किमान पातळी वाटते.

डेबियनमध्ये त्यासाठी एक साधं साधन आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. ज्या पॅकेजचा देखभालकर्ता उरलेला नाही त्याला तिथे 'अनाथ' म्हणतात; ज्याचा देखभालकर्ता आहे पण त्याला एकट्याला झेपत नाही, त्याच्यासाठी 'मदत हवी' अशी वेगळी नोंद असते. 'डेवस्क्रिप्ट्स' या पॅकेजात 'डब्ल्यूएनपीपी-अलर्ट' नावाची कमांड येते. ती चालवली की तुमच्या संगणकावर असलेल्या पॅकेजेसपैकी अनाथ कोणती आणि मदत मागणारी कोणती यांची यादी येते. 'हाऊ कॅन आय हेल्प' नावाचं आणखी एक पॅकेज आहे; ते बसवलं की काहीही इन्स्टॉल करून झाल्यावर ते खाली दोन ओळींत तुम्ही वापरत असलेल्या कशाला हात हवा आहे ते सांगतं.

एक्सझेडच्या मूळ देखभालकर्त्याने २९ मे २०२४ रोजी, सगळा प्रकार उघडकीस आल्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, चोरदार काढून टाकलेली स्वच्छ आवृत्ती प्रकाशित केली. पुढे ती नेहमीच्या अपडेटबरोबर लाखो यंत्रांवर गेली, यादीतल्या इतर पन्नास नावांच्या मध्ये, आणि बहुतेकांनी न वाचताच 'हो' म्हणून एंटर दाबलं.